बाईंची कोडी आणि रेकॉर्डसाहेबांचे क्रमांक

घरातला संगणक एकदा नीट लावून ठेवावा असं रेकॉर्डसाहेबांच्या मनात आलं, त्या वेळी त्यांना अडवायला घरात कोणी नव्हतं. बाई थोरल्या बहिणीकडे राहायला गेल्या होत्या, टीव्हीवर बघण्यासारखं काही नव्हतं आणि घरातली कपाटं आधीच लावून झाली होती. निवृत्त माणसाच्या हाती इतकी मोकळी दुपार लागू देऊ नये.

रेकॉर्डसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते दप्तरखान्याचे प्रमुख होते. जमिनीखालचा कुठला नळ कुठे वळतो त्याचा नकाशा ते डोळे मिटून काढून देत, अशी त्यांची ख्याती होती. निदान ते स्वतः तरी तसं सांगत. कचेरी सुटली, नाव सुटलं नाही. त्यांच्या पत्नीचंही तेच. त्या शाळेत गणित शिकवायच्या, आता संध्याकाळी बाहेरच्या खोलीत इमारतीतल्या मुलांना शिकवतात, आणि सगळं जग त्यांना बाई म्हणतं. सगळ्या जगात रेकॉर्डसाहेबही आले.

संगणक खरं तर बाईंचा. वर्गातल्या मुलांसाठी त्या वर्षानुवर्षं गणिताची कोडी रचत आल्या होत्या. कोरडी नव्हेत, गोष्टीतली. वजनाची बंदी असलेल्या पुलावर अडकलेली शेळी, एकाच छत्रीत शाळेला जाणाऱ्या सात बहिणी, जिन्याच्या पायरीपायरीवर बिस्किटं सांडत जाणारा उंदीर. प्रत्येक कोड्याची एक फाईल, आणि फाईलला त्या घटकेला सुचेल ते नाव. ‘शेळी’, ‘शेळी नवीन’, ‘शेळी खरंच शेवटची’. एका फाईलचं नाव होतं ‘हे नको’ आणि तिच्याच शेजारी दुसरी होती, ‘हेच घ्या’.

‘हेच घ्या’ वाचून साहेब खुर्चीतून अर्धे उठले. ज्या माणसाने आयुष्यभर एकही कागद बिनक्रमांकाचा टेबलावरून पुढे सरकू दिला नाही, त्याच्याच घरात, त्याच्याच छपराखाली हा प्रकार चालला होता. त्यांनी चष्मा पुसला, बाह्या वर सारल्या आणि कामाला लागले.

पद्धत साधी होती. गणिताला ‘ग’, त्यात प्राण्यांची कोडी असतील तर ‘प्रा’, माणसांची असतील तर ‘मा’, मग तिरकी रेघ, मग क्रमांक. पहिल्याच फाईलला त्यांनी मोठ्या समाधानाने ‘ग/प्रा/१’ असं नाव दिलं आणि संगणकाने ते नाकारलं. फाईलच्या नावात तिरकी रेघ चालणार नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. साहेबांना हा अपमान वाटला. तिरक्या रेघेवर त्यांची सगळी नोकरी उभी होती. तिरकी रेघ नसती तर गावाला पाणी मिळालं नसतं, असं ते संगणकाला मोठ्याने सांगूनही बसले. तो ऐकेना, तेव्हा नाइलाजाने आडव्या रेघेवर तडजोड झाली.

पण हात बसल्यावर साहेब असे काही सुटले, की कोडी संपली तरी ते थांबले नाहीत. कोड्यांना क्रमांक आणि विजेच्या बिलांना नाही, हा पक्षपात झाला असता. म्हणून ‘ग’, ‘प्रा’ ही अक्षरं गाळून सगळ्यांना एकाच रांगेत सरसकट क्रमांक द्यायचं ठरलं, आणि बिलांनाही क्रमांक मिळाले. मग फोटोंना. मग मिक्सरच्या माहितीपत्रकाला. प्रत्येक फाईलच्या तीन प्रती झाल्या: मूळ प्रत, कार्यालयीन प्रत आणि स्थायी प्रत. कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा, असं ते बांधकाम वाढत गेलं. कुठला क्रमांक कुठल्या कप्प्यात आहे याची सूचीही त्यांनी शेवटी तयार केली. आणि ती पूर्ण झाल्यावर, कर्तव्यात कसूर नको म्हणून, त्या सूचीलाही एक क्रमांक देऊन योग्य त्या कप्प्यात दाखल केलं.

त्या दिवशी साहेबांना फार छान झोप लागली.

बाई परतल्या त्या दारातूनच बोलत आल्या. वाटेतच त्यांना वाचनालयातून फोन आला होता. वाचनालयात मुलांसाठी वेगळी खोली सुरू होत होती, आणि पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात बाईंच्या कोड्यांचं पुस्तक द्यायचं ठरलं होतं. छापखान्याचं यंत्र उद्या सकाळी मोकळं होतं. एकदा का त्यावर शाळांची पाठ्यपुस्तकं चढली, की पुढच्या वर्षापर्यंत यंत्र मिळायचं नाही. बाईंनी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं की काही अवघड नाही, सगळं तयारच आहे, आज सगळ्या फायली एकत्र केल्या की झालं. बोलताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की साहेबांनाही वाटलं, आपण अगदी वेळेवर सगळं लावून ठेवलं.

बाई संगणकापुढे बसल्या. एक कप्पा उघडला, त्यातला दुसरा उघडला, मग त्यातला तिसरा.

“अहो,” त्या म्हणाल्या, “माझी शेळी कुठे गेली?”

“सुरक्षित आहे,” साहेब पेपरामागून म्हणाले. “तिला आता फक्त क्रमांक मिळालाय.”

“कोणता?”

“तो सूचीत आहे.”

“आणि सूची कुठे आहे?”

साहेबांनी पेपर खाली ठेवला. सूचीचा क्रमांक सूचीत लिहिलेला होता.

यानंतरचा थोडा काळ साहेबांच्या दृष्टीने फारसा गौरवाचा नव्हता. सूचीला आपण काय क्रमांक दिला ते आपल्याला आठवेलच, या विश्वासाने त्यांनी पाच-सहा आकडे घातले. एकाखाली मिक्सर निघाला, दुसऱ्याखाली साहेबांच्या दाताचा एक्स-रे. मग त्यांनी एकेक फाईल उघडून बघायचा धडाका लावला. बघावं तिकडे विजेची बिलं. आपण इतकी वीज कधी वापरली असा प्रश्न पडावा इतकी बिलं, आणि प्रत्येक बिल तीन वेळा.

घरातली गडबड ऐकून खालच्या मजल्यावरचे औषधवाले वर आले. त्यांच्याकडे सर्दीपासून संसारापर्यंत सगळ्यावर उपाय असतो. त्यांनी संगणक बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. तसं केलं. संगणक चांगला ताजातवाना होऊन, तेच सगळे क्रमांक घेऊन परत आला. मग औषधवाल्यांनी आपल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने खुर्ची ओढली, पडद्याकडे एक नजर टाकली आणि विचारलं, “पुसून टाकू का सगळं? एकदम नव्यासारखा होईल.” साहेब दोन्ही हात पसरून संगणकाच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले. दुरुस्तीवाला चहा पिऊन गेला. औषधवाले मात्र थांबले, कारण पुढे काय होतं ते त्यांना बघायचं होतं.

पण खरा घाव दुसऱ्याच बाजूने बसला. बाई रागावल्या असत्या तर साहेबांना चाललं असतं. त्याची त्यांना सवय होती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मुलांच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला, लाल पेन उघडलं आणि वह्या तपासत राहिल्या. एक वही झाली, दुसरी झाली. मग मान वर न करता म्हणाल्या, “राहू दे. पुढच्या वर्षी बघू.”

एवढंच. पण ते ऐकल्यावर साहेबांना खुर्चीत बसवेना. बाईंना वाट बघायला लावणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. ‘या वर्षी नाही, पुढच्या वर्षी’ असं आयुष्यात बाईंनी कितीतरी गोष्टींना म्हटलं होतं, आणि तेही याच आवाजात. साहेब गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गॅलरीत गेले. शेवटी त्यांनी आपल्या आयुष्यातला एक अत्यंत कठीण निर्णय घेतला. त्यांनी मेव्हणीला फोन लावला.

बाईंची ही थोरली बहीण, ताई, म्हणजे साहेबांच्या स्वाभिमानाची जुनी वैरीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची सगळी नोकरी गेली होती. समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याला काय हवंय ते ओळखायची तिला सवय होती, आणि ती सवय तिने साहेबांवर मनसोक्त वापरली होती. साहेबांनी हवापाण्यापासून सुरुवात केली. ती मधेच म्हणाली, “रेकॉर्डसाहेब, काय हरवलंत ते आधी सांगा.”

साहेबांनी सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. ताई हसू दाबत होत्या, हे साहेबांना कळत होतं, आणि साहेबांना कळतंय हे ताईंनाही. मग त्यांनी विचारलं की, एवढ्या फायलींत तुम्ही ती शोधताय कशी? साहेब म्हणाले, कप्प्याकप्प्याने.

“म्हणजे एखाद्याला फोन लावायचा तर तुम्ही गल्लीगल्लीने दारं ठोठावत फिरणार,” ताई म्हणाल्या. “अहो, एक्स्चेंजला काय करायचे लोक? नाव सांगायचे. माणूस कुठे राहतो, कुठल्या माळ्यावर, त्याच्याशी त्यांना काय करायचंय? जोडून द्यायचं काम आमचं.”

तसं जोडून देणारं माणूस संगणकातही मिळतं, असं त्या म्हणाल्या. त्याला लाँचर म्हणतात. दोन बटणं एकदम दाबली की पडद्याच्या मधोमध एक लांब पट्टी येते, तिच्यात आठवेल तो शब्द टाकायचा, आणि तो शब्द जिथे असेल ती फाईल पुढे हजर. नुसत्या नावात बघणारी पट्टी साहेबांच्या उपयोगाची नाही, कारण नावांची त्यांनी वाट लावलीच आहे. फाईलच्या पोटात शिरून शब्द बघणारी हवी. तशी त्या स्वतः वापरत होत्या. ती कुठून घ्यायची, कशी बसवायची हे त्यांनी एकेक पायरी करून सांगितलं. बसवताना संगणकाने साहेबांना विचारलं की, या प्रोग्रॅमला बदल करण्याची परवानगी आहे का? साहेबांना एकदम बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांची परवानगी मागितली होती.

पट्टी आली. साहेब ताठ बसले, बोटं मोडली, आणि सावकाश टाइप केलं: ‘कृपया गणिताच्या कोड्यांच्या सर्व फायली तातडीने सादर कराव्यात.’

काहीच सापडलं नाही.

“काय लिहिलंत?” ताईंनी विचारलं. साहेबांनी वाचून दाखवलं.

“अर्ज नका करू त्याला. शब्द द्या. एकच.”

साहेबांनी ‘किती’ हा शब्द दिला, कारण गणितात तो असतोच. पट्टीखाली फायलींचा असा लोंढा आला की औषधवाले दोन पावलं मागे सरले. सोसायटीला पाठवलेल्या तक्रारीत ‘किती वेळा सांगायचं’ होतं, बिलांत ‘किती युनिट’ होतं, आणि एका जुन्या पत्रात साहेबांनी मेव्हणीविषयी ‘किती बोलतात या’ असं लिहिलं होतं. ते साहेबांनी घाईघाईने वर सरकवलं. शब्द कसा हवा हे आता त्यांना ताईंनी न सांगताच कळलं. सगळीकडे असतो तो शब्द कुचकामी. ज्याचं घर एकच आहे असा शब्द हवा.

पण ‘शेळी’ लिहिलं तर काहीच येईना. साहेबांचा धीर सुटायला आला होता, तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना बारीक अक्षरं दिसली: ‘सूची तयार होत आहे.’

साहेब पुढे वाकले. ताईंनी फोनवर समजावलं की, शब्द पटकन सापडावा म्हणून हा प्रोग्रॅम आधी एकदा सगळ्या फायली वाचून काढतो आणि कुठला शब्द कुठे आहे ते टिपून ठेवतो. त्याला जरा वेळ द्यायचा. नंतर पुन्हा वाचावं लागत नाही.

“म्हणजे हा सूची करतोय,” साहेब म्हणाले. “प्रत्येक शब्दाची.”

“हो.”

दुपारभर साहेब या संगणकाला शत्रू समजत होते, आणि तो तर आपल्याच खात्यातला निघाला. हाताखाली नवीन उमेदवार आला की साहेब त्याला एकटं सोडत नसत. ते शेजारी खुर्ची टाकून बसत. आताही तसेच बसले. पट्टीतला हिरवा पट्टा हळूहळू सरकत होता आणि साहेब त्याच्याकडे बघून अधूनमधून मान हलवत होते. औषधवाल्यांनी काही विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने गप्प राहायची खूण केली. “काम चालू आहे,” ते म्हणाले.

हिरवा पट्टा शेवटाला टेकला. साहेबांनी आधी ‘सूची’ टाकून आपली सूची काढली, तर तिच्यात नुसते क्रमांक आणि कप्पे होते; ‘हेच घ्या’ असली नावं नोंदवायच्या लायकीची त्यांना वाटलीच नव्हती. तेवढ्यात दाराची बेल वाजली. संध्याकाळचा वर्ग आला होता.

बाईंच्या वर्गातली मुलं येतात म्हणजे वादळ येतं. चपला उडाल्या, पिशव्या पडल्या. सगळ्यांत पुढे वकील. वकील ही नऊ वर्षांची मुलगी. तिला एखादी गोष्ट पटेपर्यंत बाईंना उत्तर सांगता येत नाही म्हणून तिला हे नाव पडलं होतं. मागे मुंगी, जो सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत गोडखाऊ. आज वर्ग नाही, माझं डोकं दुखतंय, असं बाई सांगणार होत्या. पण मुलांनी साहेबांना संगणकापुढे पाहिलं आणि काय झालंय हे विचारायला सगळी त्यांच्या खुर्चीभोवती जमली.

साहेबांनी लपवलं नाही. बाईंची कोडी माझ्यामुळे हरवली आहेत, असं त्यांनी सरळ सांगितलं. उद्या सकाळच्या आत ती शोधायची आहेत, त्यासाठी प्रत्येक कोड्यातला एक असा शब्द हवा आहे, जो दुसरीकडे कुठेच नसेल. आणि खरी अडचण अशी आहे की, मला एकही कोडं आठवत नाही, आणि बाईंना सगळी एकदम आठवतात.

मुंगी लगेच म्हणाला, “बिस्किट.”

साहेबांनी ‘बिस्किट’ टाकलं. पट्टीखाली एकच क्रमांक आला, आपल्या तिन्ही प्रतींसह. उघडून बघतात तो उंदीर जिन्यावर उभा.

नंतर काय झालं ते सांगणं कठीण आहे, कारण सगळी एकदम बोलत होती. कोणी म्हणालं ‘छत्री’, आणि सात बहिणी आल्या. कोणी म्हणालं ‘तराजू’, कोणी ‘जावयाचं जहाज’, कोणी ‘ढेकर’. ‘ढेकर’ कुठल्याच कोड्यात नाही असं बाई म्हणाल्या. वकील म्हणाली, आहे, जेवणावळीच्या कोड्यात शेवटच्या ओळीत आहे. टाकून बघितलं तर होतं. बाईंनी स्वतः लिहिलेलं बाईंना आठवत नव्हतं आणि मुलांना ओळीगणिक पाठ होतं. बाईंनी लाल पेन बंद केलं. त्या उठून खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळाने त्यांचा हात साहेबांच्या खांद्यावर आला. साहेबांनी तो दिसल्याचं दाखवलं नाही, पण टाइप करायचा वेग वाढला.

मध्ये एकदा घात झाला. दीपगृहाचं एक कोडं होतं म्हणून साहेबांनी ‘दीपगृह’ लिहिलं, तर कोड्याच्या आधी दुसरीच एक फाईल वर आली, आणि साहेबांचं बोट वेळेवर थांबलं नाही. वकीलने ती खणखणीत आवाजात वाचायला सुरुवातही केली. ती साहेबांनी आपल्याच निरोपसमारंभासाठी आपल्यावरच रचलेली कविता होती. ‘मी दीपगृह होतो या दप्तराच्या सागरी’ अशी तिची पहिली ओळ. निरोपसमारंभात ती वाचायचं धाडस त्यांना झालं नव्हतं, आणि त्यानंतर ती कोणाच्याच नजरेला पडली नव्हती. औषधवाले खिडकीबाहेर बघू लागले. फोन अजून चालूच होता आणि त्यातून ताईंचा खोकला ऐकू आला, जो खोकला नव्हता.

“आजोबा,” वकीलने गंभीरपणे विचारलं, “दीपगृह जहाजांना वाट दाखवतं. तुम्ही कोणाला दाखवायचात?”

“कागदांना,” साहेब म्हणाले.

वकीलने विचार केला आणि मान डोलावली. तिला पटलं होतं. साहेबांनी पुढचा शब्द मागितला.

अंधार पडायच्या आत सगळी कोडी जमली. सगळी, पण एक सोडून. आणि तेच पुस्तकाचं शेवटचं कोडं होतं: घड्याळजीचं. घड्याळजीच्या दुकानात भिंतभर घड्याळं लटकलेली, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि त्यातलं एकच बरोबर चालणारं. कुठलं ते ओळखायचं. मुलांचं ते सगळ्यांत लाडकं. ‘घड्याळजी’ टाकलं, काही नाही. ‘लंबक’ टाकलं, काही नाही. ‘काटा’ टाकल्यावर वजनकाट्याच्या पावत्या आल्या. मग बाईंना आठवलं. ते कोडं त्यांनी कधी टाइप केलंच नव्हतं. फळ्यावर काढलं होतं, घड्याळांच्या चित्रांसकट, आणि पुसण्याआधी त्याचा फोटो घेतला होता. फोटोतलं अक्षर पट्टीला वाचता येत नव्हतं, फोटोला फक्त क्रमांक होता, आणि फोटो होते ढिगाने. तीन तीन प्रतींचे ढीग.

“पुन्हा काढा की, बाई,” मुंगी म्हणाला. बाईंनी फळ्यावर सुरुवात केली. पण प्रत्येक घड्याळाचा काटा कुठे होता यावरच कोडं उभं होतं, आणि काटे काही जुळेनात. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा खडू खाली ठेवला. शेवटचं कोडं वगळून छापू, असं बाई म्हणाल्या.

साहेब पट्टीकडे बघत बसले होते. पट्टीला जेवढं येत होतं तेवढं तिने केलं होतं. पुढचं काम जुन्या पद्धतीने करायला हवं होतं, आणि ती पद्धत साहेबांच्या हाडात होती. कचेरीत एखादा नकाशा हरवला की लोक त्या नकाशाला शोधत. साहेब कधी हरवलेल्याला शोधत नसत. ते त्याच्या शेजाऱ्याला शोधत. त्या दिवशी टेबलावर दुसरं काय होतं? ते सापडलं की हरवलेलं त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेलं असे.

“ते कोडं शिकवलं त्या दिवशी आणखी काय झालं होतं?” त्यांनी मुलांना विचारलं.

मुलं विचारात पडली. मग वकील म्हणाली की, त्या दिवशी ती उशिरा आली होती, पण त्यात तिची चूक नव्हती, कारण ती लिफ्टमध्ये अडकली होती, आणि बाईंनी तरीही तिला उशिराबद्दल बोल लावले होते, आणि तो मुद्दा अजून तिला पटलेला नाही.

साहेबांनी पुढचं ऐकलं नाही. लिफ्ट अडकली त्या दिवशी त्यांनी सोसायटीला चांगली दोन पानी तक्रार लिहिली होती. पट्टीत ‘लिफ्ट’ टाकलं. तक्रार आली. साहेबांनी तिचा मजकूर नव्हे, तिची तारीख बघितली.

“पण तुम्ही तर सगळी नावं बदललीत,” औषधवाले म्हणाले. “तारखा तरी कशावरून खऱ्या?”

साहेब त्यांच्याकडे वळले. दिवसभरात प्रथमच त्यांच्या आवाजात जुना साहेब होता. “नाव बदलता येतं,” ते म्हणाले. “तारखेला मी कधी हात लावत नाही.”

त्याच तारखेचे फोटो त्यांनी मागितले. प्रती वगळल्या तर मोजकेच निघाले. एकात गॅलरीतली कुंडी, एकात अर्धा अंगठा, आणि तिसऱ्यात काळा फळा, त्यावर भिंतभर घड्याळं, प्रत्येकाचा काटा आपापल्या जागी. खाली बाईंच्या अक्षरात: ‘यांतलं खरं कोण?’

मुलांनी जो गलका केला तो ऐकून दोन मजल्यांवरून लोक बाहेर आले. मुंगी औषधवाल्यांच्या खांद्यावर बसला होता. तो तिथे कसा पोहोचला ते कोणालाच माहीत नव्हतं. ताई फोनवरून विचारत होत्या, सापडलं का, सापडलं का, आणि कोणी उत्तर देत नव्हतं. शेवटी साहेबांनीच फोन उचलला आणि म्हणाले, “ताई, जोडून दिलंत. उपकार झाले.” ताईंना यावर पटकन काही बोलता आलं नाही, आणि हा साहेबांचा त्या दिवसातला दुसरा विजय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आणि बाई छापखान्यात पोहोचले तेव्हा दार नुकतंच उघडलं होतं. आत शाईचा आणि कोऱ्या कागदाचा वास होता. यंत्र मोकळं होतं, पण पाठ्यपुस्तकांच्या कागदांचे गठ्ठे भिंतीशी रचून तयार होते. सगळं पुस्तक एका फाईलमध्ये बांधून बाईंनी सकाळी उठल्या उठल्या छापखानेवाल्यांना पाठवलं होतं. छापखानेवाले म्हणाले, हो, मिळालं, लगेच संगणकावर उतरवून घेतलं आणि पेटी भरायला नको म्हणून मेल पुसूनही टाकला. मग ते आपल्या संगणकापुढे बसले आणि कपाळावर आठ्या घालून माउस इकडेतिकडे फिरवू लागले. पडद्यावर फायलींचा चिखल झाला होता. ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘हाच छापा’, ‘हा नको’. कुठे ठेवलं ते काही केल्या आठवेना. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग कागदांच्या गठ्ठ्यांकडे. पाठ्यपुस्तकांची माणसं येतच असतील, ते ओशाळून म्हणाले. तोवर सापडलं नाही तर पुढच्या वर्षी नक्की.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी चष्मा पुसला. “जरा सरकता का,” ते म्हणाले, आणि छापखानेवाल्यांच्या खुर्चीत बसले. लागणारा प्रोग्रॅम त्यांनी आणला, परवानगी विचारली तेव्हा छापखानेवाल्यांकडून रीतसर तोंडी होकार घेतला, आणि हिरवा पट्टा सरकू लागला तसं दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. छापखानेवाले घाई करू लागले. घाई करू नका, सूची होऊ द्या, असं साहेबांनी त्यांना शांतपणे सांगितलं, जसं कधीकाळी नव्या उमेदवारांना सांगत. पट्टा शेवटाला टेकला. साहेबांनी दोन बटणं दाबली आणि बाईंकडे मान वळवली.

“एक शब्द दे.”

“शेळी,” बाई म्हणाल्या.

शेळी आली, पुलावर अडकलेली, आणि तिच्या मागोमाग सगळं पुस्तक.

छापखानेवाले पडद्याकडे बघत राहिले. मग खुर्चीजवळ सरकले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “साहेब, एक विचारू का? माझ्या लग्नाचे फोटो यातच कुठेतरी आहेत. वर्षं झाली, सापडत नाहीत. बायको रोज विचारते.”

साहेब उठले, बाह्या नीट केल्या आणि यंत्राकडे बोट दाखवलं.

“आधी पुस्तक चढवा,” ते म्हणाले. “लग्नाचं मग बघू.”